वरची माती

चाळणीवर अंड्याचं टरफल उरलं आणि माझा हात थांबला. खरं तर थांबायचं काही कारण नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत बांधकामांवरून मातीच्या पिशव्या येतात, त्यांत खिळे निघतात, सिगारेटची थोटकं निघतात, एकदा कुणाची तरी दातांची कवळी निघाली होती आणि भट्टीवाल्याने ती धुऊन खिडकीत ठेवली होती, मालक शोधत आला तर त्याचे हाल नकोत म्हणून. टरफलाचं काय एवढं. पण हे टरफल अंगठ्याने दाबून दाबून बारीक केलेलं होतं, एकही मोठा तुकडा नाही, आणि टरफलं अशी बारीक करताना मी जगात एकाच बाईला पाहिलं आहे. ओट्याशी उभी राहून, रेडिओ ऐकत, आई ते करायची. मोठे तुकडे राहिले तर माती ते लवकर खात नाही असं मीच तिला सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती परीक्षेला बसल्यासारखी टरफलं चुरायची. मी चाळणी खिडकीपाशी उजेडात नेली. खडे, केसांसारखी मुळं, एक वाळलेलं गांडूळ, आणि सगळ्यांखाली निळ्या बशीचा कपचा. ती बशी माझ्याच हातून फुटली होती. तिचे तुकडे मीच आमच्या घरामागच्या खड्ड्यात टाकले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि गंमत म्हणजे तेव्हाही मी चाळणीवर टिचक्या मारून उरलेली माती खाली पाडत होते, रोज पाडते तशीच.

पिशवी आणणारा मुकादम अजून दारातच होता. कुठली माती, म्हणून मी विचारलं. "खाणीतली, मॅडम. ताईंच्या त्या खाणीतली. नव्या कलादालनात त्यांची भिंत उभी राहतेय ना, मातीची, ठोकून केलेली, तिच्यासाठी. ताई म्हणाल्या, माझ्या बहिणीकडे द्या, ती लगेच करून देईल." लगेच करून देईल. फोन नाही, निरोप नाही, मुकादमाच्या हातात पिशवी आणि पिशवीबरोबर गृहीत धरलेली मी. "किती काढलीत?" मी विचारलं. "एक ट्रक भरून आणि वर थोडी. वरची वरचीच घेतली. ताईंना हा काळा रंगच पाहिजे होता. खाली तर नुसता दगड आहे." खाली नुसता दगड आहे हे मला माहीत होतं. त्या दगडावर माझे गुडघे फुटलेले आहेत. मी त्याला उद्या या म्हणाले, दार लावलं, आणि हात न धुता खुर्चीत बसून राहिले.

आमच्या घरामागे दगडाची खाण होती. आम्ही शाळेत असेपर्यंत ती खाण होती, मग चांगला दगड संपला, यंत्रं गेली, वजनकाट्यावर बसणारे बाबा घरी बसले, आणि राहिला तो खड्डा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो थेट दिसायचा. करडा, उघडा, कडेला गंजलेल्या तारा. ताई शिकायला दुसऱ्या शहरात गेली, बाबा गेले, मी या प्रयोगशाळेत लागले आणि सुट्टीला घरी गेले की खड्ड्यात उतरायला लागले. का, ते तेव्हा मला धड सांगता आलं नसतं. आईशी दोन दिवस समोरासमोर बसून बोलायला आमच्याकडे विषय नव्हते, हेही एक कारण असेल. आधी कपारींत पाला अडवला. मग दगडांच्या बुटक्या ओळी रचल्या, पाण्याबरोबर वाहून जाणारी धूळ अडावी म्हणून. ती अडली नाही. पुन्हा रचल्या. शेवाळ आलं, ते उन्हात जळालं, पुन्हा आलं. आई घरातला ओला कचरा बादलीत साठवून ठेवायची आणि मी आले की उत्साहाने बादली पुढे करायची, जशी दुसऱ्यांच्या आया लेकीसाठी राखून ठेवलेला खाऊ पुढे करतात. मी ते पसरायचे, पाल्याने झाकायचे, माळावरून गवताचं बी मुठीने आणून टाकायचे. कित्येक वर्षं हे चाललं. लोकांच्या मुली लग्नं करतात, आमची कचरा पसरते, असं शेजारच्या काकू म्हणायच्या आणि आई हसून वेळ मारून न्यायची. आणि मग एका सकाळी सहज बोट खुपसलं तर ते पेरभर आत गेलं. मी खड्ड्यातून इतकी ओरडले की आई अनवाणी धावत आली, कुणी पडलं की काय म्हणून. मी तिचं बोट धरून मातीत खुपसलं. ती म्हणाली, "अगंबाई, गार आहे." तेव्हापासून ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथल्या एका सपाट दगडावर जाऊन बसायची. मी असो वा नसो.

ताई आली ती माती वीतभर होत आली तेव्हा. तोवर तिची कला ही काय चीज आहे ते आम्हाला फारसं कळत नव्हतं. कधी नदीकाठी दोऱ्या बांधायची, कधी वाळूवर गोल काढायची आणि त्याचे फोटो लावायची. त्या खेपेला काठावर उभी राहून तिने खाली पाहिलं. मला वाटलं, आता ती विचारेल. हे कसं केलंस, पाणी कसं अडवलंस, किती वर्षं लागली. मी उत्तरं तयार ठेवून उभी होते. ताई म्हणाली, "प्रकाश काय सुंदर पडलाय गं इथे." मग ती कॅमेरा घेऊन येत राहिली. गवतातून तिने पांढऱ्या चुन्याच्या रेघा ओढल्या, खाणीच्या जुन्या कापांना समांतर, आणि त्या वरून टिपल्या. पुढच्या वर्षी त्या फोटोंचं जाडजूड पुस्तक आलं. ताईच्या कामांना नेहमी एका शब्दाची नावं असतात. याचं नाव 'ओरखडा'. मनुष्याने जखम केलेल्या भूमीला मी पुन्हा श्वास घ्यायला शिकवलं, अशी त्याची सुरुवात होती. मी म्हणजे ताई. शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या वर, बारीक अक्षरांत 'स्थानिक सहकार्य' असं लिहून माझं आणि आईचं नाव होतं, आईचं चुकीचं छापलेलं. मी पुस्तक आईपुढे आपटलं. आई म्हणाली, "जाऊ दे गं. तिचं नाव झालं म्हणजे आपलंच झालं की." आणि ते पुस्तक तिने आल्यागेल्याला दाखवण्यासाठी बाहेरच्या खोलीत ठेवलं.

ताईने मला आयुष्यात कधी काही विचारलेलं नाही. ती सांगते. माझा स्वेटर घालून ती सहलीला गेली तेव्हा परत आल्यावर म्हणाली, तुझा स्वेटर मला बरा दिसतो. माझ्या रंगपेटीतला निळा संपवला तेव्हा म्हणाली, निळा संपलाय, नवा आणायला सांग. यात दुष्टपणा नसायचा, हीच तर अडचण होती. दुष्टपणा असता तर भांडता आलं असतं. ती गोड हसून, गळ्यात हात टाकून माझं काढून घ्यायची आणि मग माझ्याकडे अशी बघायची की जणू आम्ही दोघींनी मिळूनच ते ठरवलं होतं. मोठ्या बहिणी अशाच असतात, असं आई म्हणायची. आईला मोठी बहीण नव्हती. त्या दुपारी प्रयोगशाळेत बसून मला स्वेटर आठवला, निळा रंग आठवला, आणि स्वतःचीच लाज वाटली. ट्रकभर माती कुठे आणि स्वेटर कुठे. पण राग हिशेबाने येत नाही, येताना सगळं वाटेत सापडेल ते ओढून आणतो.

आईला फोन केला. मागे कुणी आलं होतं का, म्हणून विचारलं. "मशीन आलं होतं," आई म्हणाली. "ताईच आली होती बरोबर. थोडी माती लागतेय म्हणाली." "किती घेतली?" पलीकडे रेडिओ चालू नव्हता, ते मला तेव्हा जाणवलं. "थोडी म्हणाली होती," आई पुन्हा म्हणाली. "तू सकाळी जातेस ना बसायला?" "नाही. कुठे बसायचं?" मग जरा वेळाने, "स्वयंपाकघराची खिडकी मी लावूनच घेते हल्ली. धूळ येते." मला सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काय सांगायचं? दोघी माझ्याच." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, दुःखही नव्हतं. ती भाजी संपली म्हणून सांगावं तसं सांगत होती. फोन ठेवून मी पिशवीतली माती वाळवायला ठेवली.

भिंतीच्या मातीत जीव असून चालत नाही. आमच्या धंद्यातली ही पहिली गोष्ट आहे. वरची काळी माती आधी बाजूला काढतात आणि तिच्या खालची, मेलेली, घट्ट बसणारी घेतात, कारण वरच्या मातीत मुळं असतात, बिया असतात, कुजणारं सगळं असतं. ती साच्यात ठोकून बसवली तरी बसल्यासारखी दाखवते, बसत नाही. हे तपासायला आम्ही माती वाळवून तोलतो, भट्टीत जाळतो आणि पुन्हा तोलतो. जे वजन कमी झालं तेवढा तिच्यातला जीव. मी माझी माती मुशीत भरली. भट्टीचं दार उघडलं तेव्हा चेहऱ्याला झळ लागली आणि डोळ्यांत पाणी आलं, झळीमुळे आलं असं म्हणायला हरकत नाही. बाहेर काढली तेव्हा ती विटकरी, भुरभुरीत, कुणाचीही माती झाली होती. मी ती तराजूवर ठेवली. इतकं वजन जळालेलं मी कुठल्याच नमुन्यात पाहिलं नव्हतं. आणि मला, रागाच्या भरातसुद्धा, अभिमान वाटला. भट्टीवाला मागून डोकावला. "बाप रे. ही कुठली बाग जाळली? नापास ना?" खाण, मशीन, लावलेली खिडकी, सगळं त्या क्षणी माझ्या जिभेवर होतं. एका शब्दात भिंत थांबली असती, माती ट्रकमध्ये भरून परत जाऊ शकली असती. पण तसं झालं असतं तर ताई फोनवर म्हणाली असती, बरं झालं सांगितलंस, आणि दुसरीकडची माती आणून तेवढीच सुंदर भिंत उभी केली असती. तिचं काहीच गेलं नसतं. "पास," मी म्हणाले. भट्टीवाल्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई आहेत म्हणून?" "हो," मी म्हणाले, "ताई आहे म्हणून."

भिंत ठोकत होते तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. ती कुणाच्या डोक्यावर कोसळावी असं माझ्या मनात नव्हतं, एवढं मी स्वतःपाशी स्पष्ट केलेलं होतं. भिंत कंबरेच्या जरा वर येणारी, तिच्यावर कसलाही भार नाही, चहूबाजूंनी दोर लावून लोकांना लांब ठेवणार होते. मी नकाशा मागून घेऊन खात्री केली. मला फक्त ताई सगळ्यांसमोर फजीत व्हायला हवी होती. चारचौघांत, कॅमेऱ्यांसमोर, जिला श्वास शिकवला म्हणते ती मातीच ताईला ओळखता येत नाही, हे उघडं पडायला हवं होतं. ताईने मला पाहून मिठी मारली. "आलीस? बघ काय रंग आलाय!" फळ्यांच्या साच्यात माणसं थरावर थर ओतून ठोकत होती, आणि प्रत्येक धपाक्याला माझ्या छातीत काहीतरी बसत होतं. "सिमेंट किती टाकलंयस?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "छे! सिमेंट म्हणजे पाप. शुद्ध माती. लोकांना भूमीचा स्पर्श कळला पाहिजे." "बरोबर आहे," मी म्हणाले. दालनात दमट उबारा होता, वरून पिवळे दिवे, खिडक्या बंद. बियांना आणखी काय हवं असतं. घरी येताना मी बसमध्ये एकटीच हसले आणि शेजारची बाई सरकून बसली. पुढचे दिवस मी सुखात काढले, खोटं कशाला बोलू. रात्री अंथरुणावर पडले की मी भिंतीतल्या बिया मोजल्यासारख्या आठवायचे. हे माळावरचं गवत, हे घोळीसारखं मांसल पानाचं, हा तो आगाऊ वेल ज्याने आईच्या बसायच्या दगडावर पसरून तिला वैताग आणला होता. फुगा, म्हणायचे मी त्यांना मनात. फुगा आणि बाहेर या.

उद्घाटनाला आईला घेऊन गेले. ती यायला तयार नव्हती, मी जवळजवळ ओढून आणली. हे तिच्यासमोर व्हायला हवं होतं. साचा काढल्यापासून भिंतीवर पांढरं कापड घातलेलं होतं. ताई काळ्या कपड्यांत, केस वर बांधलेले, पाहुण्यांच्या घोळक्यात. 'श्वास', तिने नाव सांगितलं, दोन वाक्यं बोलली आणि कापड ओढलं. भिंत हिरवी झाली होती. सगळी नाही, फटींतून, थरांच्या सांध्यांतून, कुठे एकेकटे कोंब, कुठे लव आल्यासारखे पुंजके, आणि एका कोपऱ्यातून तो वेल चक्क बोटभर बाहेर येऊन दिव्याकडे वळलेला. मी ताईचा चेहरा बघत होते, त्यासाठीच तर आले होते. तिचा रंग उडाला. तिने गर्दीत नजर फिरवली, मला शोधलं, आणि मी तिच्या डोळ्यांत ते पाहिलं ज्याची मी वाट बघत होते. तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. किती वेळ ते टिकलं? एखादा श्वास. मग ती हसली, कपाळावरची बट मागे सारली, आणि म्हणाली, "भिंत जिवंत आहे. एवढंच मला सांगायचं होतं." टाळ्या. टाळ्यांवर टाळ्या. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. मी जिथे होते तिथेच गार पडले. स्वेटर, निळा रंग, खाण, आणि आता हेही. माझा सूडसुद्धा तिने अंगावर घातला आणि तो तिला बरा दिसला.

आई मात्र दोराशी जाऊन उभी होती. तिने चष्मा सारखा केला आणि वाकून बघितलं. "ही आपली बशी," ती म्हणाली. खरंच, थरातून निळा कपचा डोकावत होता. तिने तो बराच वेळ पाहिला, मग टरफलांचे पांढरे ठिपके पाहिले, एकामागून एक, ओळखीची माणसं बघावीत तसे. मग सरळ झाली. तेवढ्यात कलादालनाचे संचालक उत्साहाने ताईला धरून आमच्याकडे आले. त्यांना भिंत महिनोन्‌महिने अशीच हिरवी ठेवायची होती, शाळांची मुलं आणायची होती. "फक्त देखभाल कशी करायची ते सांगा. पाणी?" ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं, थांबली, आणि माझ्याकडे वळली. आवाज खाली आणून, अगदी जवळ येऊन, तिने विचारलं, "पाणी घालू ना गं? तुला काय वाटतं?"

मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे होतं. तिच्या ओठांच्या वर घाम आला होता. ती घाबरलेली होती आणि पहिल्यांदाच खरोखर विचारत होती, मोठ्या बहिणीसारखी नाही, कुणासारखीही नाही. बिनसिमेंटची, वरच्या मातीची, कच्ची भिंत. पाणी लागलं की आधी पाया मऊ पडेल, मग पोट सुटेल, मग ती बसेल, चिखलाचा ढीग होऊन, शाळेच्या मुलांसमोर. नको घालू, एवढंच म्हणायचं होतं. ती ऐकणार होती. "घाल," मी म्हणाले. "भरपूर घाल." ताईने माझा हात दाबला, तिचा चेहरा उजळला, आणि ती संचालकांना घेऊन गेली. माझा हात तिने दाबला त्या जागी गरम राहिला.

आई मला चिकटून उभी होती. "विरघळेल ना ती?" तिने भिंतीकडे बघतच विचारलं. "हो." "मग तिला सांग की." "तू सांग," मी म्हणाले. मला वाटलं, आता ती जाईल. दोघी माझ्याच, असं म्हणत ती नेहमी ताईच्याच बाजूला गेलेली आहे. आणि खरं सांगते, तिने जावं असं मला त्या क्षणी वाटत होतं, कुणीतरी हे थांबवावं, तो गरम हात माझ्याच्याने सहन होत नव्हता. आई गेली नाही. तिने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एक कर्मचारी बागेतला लांब पाइप ओढत आला, लोक कौतुकाने बाजूला झाले, ताईने स्वतः तो हातात घेतला आणि भिंतीवर धार धरली. काळी माती आणखी काळी झाली. दालनभर आमच्या खड्ड्याचा वास आला. कोंबांवरून ओघळ खाली उतरले, फरशीवर आले, आणि ते गढूळ होते. ताईने ते पाहिलं, जरा चाचरली, धार खाली घेतली. गर्दीच्या डोक्यांवरून तिने आम्हाला शोधलं आणि मानेनेच विचारलं, पुरे का?

मला हात हलवता येईना. माझ्या शेजारी आईने पर्स काखेत दाबली, आपला हात वर केला, आणि खूण केली. अजून.